दोन मार्कांचं अंतर



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. सध्या पोस्टिंग म्हैसूरला, एनसीसीत इन्स्ट्रक्टर म्हणून. विजयनगरात भाड्याची खोली घेतली आहे. विजयनगर म्हटलं की आपल्याला हंपी आठवते, पण हे ते नव्हे. म्हैसूरच्या वायव्येला फर्स्ट स्टेज, सेकंड स्टेज अशी टप्प्याटप्प्याने वाढत गेलेली ही वसाहत आहे. इथलं योगनरसिंहस्वामींचं देऊळ प्रसिद्ध आहे. म्हैसूर विद्यापीठाचा मोठा परिसर, मानसगंगोत्री, इथून जवळच. त्याला लागून कुक्करहळ्ळी तलाव. सकाळी मी तिकडेच पळायला जातो.

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी दुपारी बहिणीचा गावाहून फोन आला. "दादा, पोरगं पास झालंय, पण सकाळपासून जेवलेलं नाही. तूच बोल त्याच्याशी."

भाच्याला ५०० पैकी २२३ मार्क मिळाले होते. म्हणजे ४४.६ टक्के. अग्निवीर जनरल ड्युटीसाठी दहावीला एकूण ४५ टक्के लागतात आणि प्रत्येक विषयात ३३. म्हणजे २२५ हवे होते. पोरगं दोन वर्षं पहाटे उठून पळतंय. सोळाशे मीटर पाच मिनिटं वीस सेकंदांत मारतो. भरतीच्या मैदानावर साडेपाच मिनिटांच्या आत आला तर पळण्याचे पूर्ण ६० मार्क. ते त्याच्या पायात आहेत. पण मैदानापर्यंत पोचायलाच दोन मार्क कमी.

फोनवर तो एवढंच म्हणाला, "मामा, दोन मार्कांत असं काय असतं?"

मी त्याला सांगितलं, अरे, नियम म्हणजे नियम, कुठेतरी रेघ मारावीच लागते. फौजी माणूस दुसरं काय सांगणार? पण फोन ठेवल्यावर तोच प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. विद्यापीठाच्या शेजारी राहतो, सुट्टीच्या दिवशी वेळ असतो. मग मार्क, श्रेणी, ग्रेड ही भानगड मुळात आली कुठून ते वाचत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

परीक्षा जुनी आहे, मार्क त्या मानाने नवे. चीनमध्ये सरकारी अधिकारी निवडायला शेकडो वर्षं लेखी परीक्षा होत असे. सोंग घराण्याच्या काळात उमेदवाराचं नाव झाकायचे आणि उत्तरपत्रिका कारकुनांकडून नव्याने लिहून घ्यायचे, म्हणजे परीक्षकाला अक्षरसुद्धा ओळखू येऊ नये. आज आपल्या उत्तरपत्रिकेवर बारकोड चिकटवतात ती त्याच विचाराची नवी आवृत्ती. ती परीक्षा १९०५ मध्ये बंद झाली. पण तिचं काम एकच होतं: खुर्च्या थोड्या आणि माणसं फार, तेव्हा निवड कशी करायची.

आपल्याकडे पंतोजीच्या शाळेत असलं काही नव्हतं. उजळणी, पाढे, मोडी, हिशेब आला की पोरगं कामाला लागायचं. त्याला किती टक्के येतं हे कुणी विचारत नसे. पावकी-निमकी येते की नाही एवढंच पाहिलं जाई.

विद्यार्थ्यांची प्रतवारी कागदावर उतरल्याचा एक जुना दाखला अमेरिकेतला आहे. १७८५ साली येल कॉलेजचे अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनी आपल्या ५८ विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली आणि डायरीत त्यांचे चार गट लिहिले. २० उत्तम, १६ दुसऱ्या दर्जाचे उत्तम, १२ कनिष्ठ आणि १० त्याहूनही खालचे. आज आपण 'ए, बी, सी, डी' म्हणतो त्याचा तो आजोबा समजा. प्रत्यक्ष अक्षरांचे ग्रेड माउंट होल्योक या मुलींच्या कॉलेजने १८९७ मध्ये लावले.

आपल्याकडे ही पद्धत आली १८५७ मध्ये. त्या वर्षी बंड झालं हे आपल्याला पाठ असतं, पण त्याच वर्षी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं निघाली हे विसरतो. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर ती उभी केली होती, आणि तिथेच मेख आहे. ही विद्यापीठं शिकवत नव्हती. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. कित्येक दशकं हाच प्रकार चालला. म्हणजे आपल्या देशात आधुनिक उच्च शिक्षणाचा जन्मच परीक्षेच्या पोटी झाला. मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ ची. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले.

मॅट्रिक झालेल्याला सरकारी कचेरीत नोकरी मिळू लागली आणि त्या एका परीक्षेला जीवनमरणाचं मोल आलं. 'मॅट्रिक फेल' हीसुद्धा काही काळ सांगण्यासारखी लायकी झाली, कारण तिथपर्यंत पोचणारेच थोडे होते.

जाता जाता एक सांगतो. दर निकालाला व्हॉट्सअपवर एक गोष्ट फिरते की इंग्रजांनी आपली अक्कल त्यांच्या निम्मी धरली, म्हणून तिकडे ६५ ला पास तर इथे ३३ ला. ही गोष्ट पाठवणारा कुणीच त्यासोबत कागद दाखवत नाही. पुढे ढकलण्याआधी तो मागावा.

श्रेणीच्या पुढची पायरी म्हणजे नंबर. मराठी माणसाला हे सांगायला नको, कारण आपल्याकडे रँग्लर परांजपे होऊन गेले. दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिले आले, जॉर्ज बर्टविसल यांच्या बरोबरीने. सीनियर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. महाराष्ट्रात एवढा आनंद झाला की 'रँग्लर' हा शब्द त्यांच्या नावाचाच भाग बनला. पण गंमत पुढे आहे. या नंबरांच्या शर्यतीने मुलं गणित शिकण्याऐवजी परीक्षेची तालीम करतात, असं खुद्द केंब्रिजमधल्या गणितज्ञांचं मत होत गेलं. १९०९ चा सीनियर रँग्लर हा शेवटचा. त्यानंतर त्यांनी नंबर लावून यादी जाहीर करणंच सोडलं, फक्त वर्ग ठेवले. ज्यांच्याकडून आपण हे शिकलो त्यांनी ते टाकून दिलं; आपण मात्र गुणवत्ता यादीत पहिल्या आलेल्या मुलाचे पेढे खातानाचे फोटो कित्येक दशकं छापत राहिलो.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. दोन मार्कांत काय असतं?

हा प्रश्न विचारणारा तो पहिला नाही. १८८८ मध्ये एजवर्थ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने परीक्षेच्या मार्कांमध्ये नशिबाचा भाग किती असतो याचं गणित मांडलं होतं. मग १९१२ आणि १९१३ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोघांनी सरळ प्रयोगच केला. एकाच मुलाची उत्तरपत्रिका छापून शंभराहून जास्त शिक्षकांकडे तपासायला पाठवली. इंग्रजीच्या एका पेपराला कुणी ६४ दिले, कुणी ९८. लोक म्हणाले, भाषेचा विषय आहे, आवडीनिवडी असणार. मग त्यांनी भूमितीचा पेपर पाठवला. त्याला सगळ्यात कमी मार्क मिळाले २८ आणि सगळ्यात जास्त ९५. उत्तरपत्रिका तीच, मुलगा तोच.

इंग्लंडमध्ये १९३५ साली फिलिप हार्टोग आणि रोड्स यांनी आणखी एक गोष्ट तपासली. हे हार्टोग म्हणजे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, आपल्या शिक्षणावरच्या १९२९ च्या हार्टोग समितीचे तेच. त्यांनी इतिहासाचे तेच पेपर त्याच परीक्षकांना वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने पुन्हा तपासायला दिले. २१० पैकी ९२ वेळा परीक्षकाने स्वतःचाच निकाल बदलला.

हे वाचून मला हसू आलं नाही, कारण मी स्वतः त्यातलाच आहे. एका कोर्सवर मी आणि दुसरा एक उस्ताद, दोघांनी एकाच स्क्वाडच्या ड्रिलला मार्क दिले होते. माझे ६४, त्याचे ७८. दोघांची पंधरा-पंधरा वर्षं परेड ग्राउंडवर गेलेली. दोघेही प्रामाणिक. मी वळताना टाच बघत होतो, तो शब्दावर हालचाल बघत होता. शेवटी सरासरी काढून ७१ लिहिले. ते ७१ आमच्या दोघांपैकी कुणाचंच मत नव्हतं. पण कागदावर लिहिल्यावर ते एकदम पक्कं दिसायला लागलं. आकड्याची हीच खोड आहे. तो अंदाजाने काढलेला असला तरी मोजून काढल्यासारखा वाटतो.

म्हणून भाच्याला खरं उत्तर असं आहे: २२३ आणि २२५ यांच्यातल्या फरकावरून विद्यार्थ्याच्या ज्ञानाबद्दल खात्रीने काही सांगता येत नाही. मार्क तपासणाऱ्यागणिक किती बदलतात हे शंभर वर्षांपूर्वीच्या प्रयोगांनीच दाखवलंय.

मग आपल्या सरकारला हे माहीत नव्हतं का? होतं. आणि त्याचा धागा थेट म्हैसूरला येतो.

म्हैसूर विद्यापीठ १९१६ चं. नाल्वडी कृष्णराज वडियार महाराज, दिवाण सर विश्वेश्वरय्या. इंग्रजी मुलखाबाहेर, संस्थानात निघालेलं हे देशातलं पहिलं विद्यापीठ. १९१८ ते १९२१ या काळात इथल्या महाराजा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला एक तरुण प्राध्यापक होते, सर्वपल्ली राधाकृष्णन. ते कलकत्त्याला जायला निघाले तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांची फुलांनी सजवलेली बग्गी स्वतः ओढत स्टेशनपर्यंत नेली. स्वातंत्र्यानंतर १९४८-४९ मध्ये विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष हेच राधाकृष्णन. त्या आयोगाने स्पष्ट सांगितलं होतं की उच्च शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर आम्ही परीक्षेची सुचवू.

पाठोपाठ १९५२-५३ मध्ये माध्यमिक शिक्षणासाठी मुदलियार आयोग आला. त्याने शाळेत आकड्यांऐवजी पाच पायऱ्यांची श्रेणी लावा असं सुचवलं. म्हणजे ग्रेडची कल्पना आपल्याकडे सीबीएसईने आणली नाही, ती सत्तर वर्षांची आहे. मग १९६४-६६ चा कोठारी आयोग. त्याचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. पुढे १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातही मार्कांच्या जागी ग्रेड आणायचं लिहिलं गेलं. मानसगंगोत्रीत एनसीईआरटीची प्रादेशिक शिक्षण संस्था आहे, १९६३ ची. दक्षिणेतल्या शाळांचे शिक्षक तिथे घडतात. तिच्या फाटकावरून जाताना वाटतं, इतकी वर्षं जाणती माणसं हेच सांगत आहेत, तरी गाडी अडते कुठे?

म्हैसूरचं आणखी एक उदाहरण सांगतो. विजयनगरहून स्टेशनकडे जाताना यादवगिरी लागते. तिथे आर. के. नारायण यांचं घर आहे, आता त्याचं संग्रहालय केलंय. इंग्रजीत लिहून जगभर नाव कमावलेला हा लेखक विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला होता, तोही इंग्रजीत! एक वर्ष घरी बसून वाचत राहिले. पुढे १९३० मध्ये महाराजा कॉलेजातून बी. ए. झाले. हाच नापास मुलगा म्हातारपणी राज्यसभेत गेला आणि तिथे पहिलं भाषण केलं ते शाळकरी मुलांच्या दप्तराच्या ओझ्यावर. त्यातून यशपाल समिती नेमली गेली, तिचा १९९३ चा अहवाल आजही शिक्षणातले लोक काढून वाचतात.

आता ग्रेडचं काय झालं ते बघू. २००९-१० पासून सीबीएसईने सातत्यपूर्ण मूल्यमापन आणलं. ९१ ते १०० ए-वन, ८१ ते ९० ए-टू, असे नऊ ग्रेड. दहावीची बोर्डाची परीक्षा ऐच्छिक केली. कल्पना चांगली होती. पण माझ्यासारख्या ज्यांची पोरं त्या काळात शाळेत होती त्यांना आठवत असेल, वर्षभर प्रोजेक्टच प्रोजेक्ट, रात्री दहाला थर्माकोल शोधत बाजारात फिरायचं. आणि शेवटी आलेल्या ग्रेड पॉइंटला साडेनऊने गुणून पुन्हा टक्केच काढायचे! कारण पुढच्या दारात टक्केच विचारत होते. २०१८ पासून दहावीची बोर्डाची परीक्षा पुन्हा सक्तीची झाली.

महाराष्ट्रात तर वेगवेगळ्या बोर्डांच्या मार्कांची तुलना कशी करायची यावरून २००८ चं पर्सेंटाइल सूत्र आणि २०१० चं बेस्ट फाइव्ह कोर्टात गेलं. पुढे २०२१ मध्ये कोविडमुळे परीक्षाच झाली नाही, शाळेतल्या मूल्यमापनावर निकाल लावला, तो लागला ९९.९५ टक्के.

इथे कर्नाटकात उलटं झालं. २०२३ ला एसएसएलसीचा निकाल ८३.८९ टक्के होता. २०२४ ला परीक्षेच्या खोल्यांत कॅमेरे लावून थेट नजर ठेवली. निकाल घसरून ७३.४० टक्क्यांवर आला, आणि तोही ग्रेस मार्क १० वरून २० टक्क्यांपर्यंत वाढवल्यावर. पुढच्या वर्षी ते वाढीव ग्रेस काढून टाकलं, तेव्हा ६२.३४ टक्के. दोन वर्षांत पोरांची अक्कल एवढी कमी झाली का? नाही. मोजपट्टी बदलली.

हे सगळं वाचून मला आपली फायरिंग रेंज आठवली. तिथेही ग्रेड आहेत: मार्क्समन, फर्स्ट क्लास, स्टँडर्ड शॉट, नाहीतर फेल. टार्गेटवर किती गोळ्या कुठे लागल्या यावर ते ठरतं. अख्खी कंपनी चांगली लढली तर अख्खी कंपनी मार्क्समन होऊ शकते. माझ्या मार्क्समन होण्याने शेजारच्याचा दर्जा कमी होत नाही. आणि 'स्टँडर्ड शॉट' म्हटलं की कंपनी कमांडरला कळतं, हा जवान काय करू शकतो आणि त्याच्याकडून काय करून घ्यायचं बाकी आहे.

बढतीचं बोर्ड ही वेगळी गोष्ट. तिथे जागा चार आणि लायक माणसं दहा. एसीआर, कोर्स, सिनियॉरिटी असं सगळं बघून निवड होते. तिथे सहा जण मागे राहतात, पण म्हणून ते नालायक ठरत नाहीत. व्हेकन्सी नव्हती, एवढंच. फौजेत ही दोन कामं दोन वेगळ्या कागदांवर होतात. रेंजवरचा स्कोअर घेऊन कुणी थेट सुभेदार होत नाही.

दहावीच्या मार्कशीटवर मात्र एकच आकडा दोन्ही कामं करतो. पोराला काय येतं हे त्यानेच सांगायचं आणि जागा कुणाला द्यायची हेही त्यानेच ठरवायचं. म्हणून प्रत्येक आयोगाची सुधारणा तिथेच अडली. ग्रेड लावा, शिकणं तपासायला ते छान आहेत. पण दारात गर्दी असेल तर ग्रेड फोडून आतले टक्के काढावेच लागतात. आणि ग्रेडलाही कडा असतातच. ९० वाला ए-टू, ९१ वाला ए-वन.

याचा पुरावा आपल्याच भरतीच्या जाहिरातीत आहे. ज्या बोर्डाच्या मार्कशीटवर फक्त ग्रेड असतात, त्या मुलाला एकूण सी-टू ग्रेड चालतो, कारण ४५ टक्के त्या ग्रेडमध्ये येतात. पण सीबीएसईच्या त्या नऊ ग्रेडमध्ये सी-टू म्हणजे ४१ ते ५०. म्हणजे माझ्या भाच्याचे हेच मार्क ग्रेडच्या कागदावर असते तर तो आत असता. मार्कांच्या कागदावर आहेत म्हणून बाहेर. यात नियम लिहिणाऱ्याचा दोष मी काढणार नाही. दोन भाषांतले कागद एका रांगेत लावायचे तर दुसरी वाट नाही. पण मार्क नाही, तर मार्क लिहायची पद्धत माणसाचं नशीब ठरवते, हे डोळ्यांसमोर दिसतं.

मग उपाय काय? रेघ काढून टाकता येणार नाही. ती ४५ ला मारा नाहीतर ४० ला, तिच्या खाली दोन मार्कांवर कुणाचा तरी भाचा असणारच. पण आकड्यात चूक असते हे एकदा मान्य केलं तर शहाणपणाचं एकच राहतं: एका दिवसाच्या एका पेपरावर दार कायमचं बंद करायचं नाही. कर्नाटकाने २०२४ पासून एसएसएलसीला वर्षात तीन संधी दिल्या. सीबीएसई २०२६ पासून दहावीला दोन परीक्षा देते. महाराष्ट्रात पुरवणी परीक्षा आणि श्रेणीसुधार योजना आहेच. गावाकडे पुष्कळांना वाटतं की पास झालेल्याला पुन्हा बसता येत नाही. बसता येतं. आपल्या आजूबाजूला असा कुणी पोरगा किंवा पोरगी असेल तर हे त्यांना आवर्जून सांगा, माजी सैनिक मंडळींनी तर नक्कीच.

रात्री पुन्हा फोन केला. म्हटलं, "ऐक. त्या दोन मार्कांत काहीच नसतं. पण दार त्यांनीच उघडतं, म्हणून ते मिळवायचे. श्रेणीसुधारचा फॉर्म भर. गणित आणि इंग्रजी, दोनच विषय धर. ट्रेड्समनला नुसती पास लागते, तो रस्ताही उघडा ठेव. आणि आधी जेवून घे."

थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, सकाळी पळायचं बंद नाही ना करायचं?"

म्हटलं, "अजिबात नाही."

सकाळी साडेपाचला तलावावर पोचलो तेव्हा त्याचा मेसेज आला होता. शाळेच्या मैदानावर, पाच मिनिटं सतरा सेकंद. तीन सेकंद कमी झाले होते.

जय हिंद.